स्वयंसेवेची पहिली दोन वर्षे: नवख्या कार्यकर्त्यासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मी १७ वर्षांची असताना एका अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे आली. दर रविवारी सकाळी ९ वाजता कुलूप उघडायचे, मुलांची हजेरी घ्यायची आणि वर्ग संपला की पुन्हा कुलूप लावायचे, एवढेच काम होते. ते मला जरा कमीपणाचेच वाटत होते, कारण मी तिथे नेतृत्व शिकायला गेले होते. सहाव्या रविवारी मला जाग आली तेव्हा ९ वाजून गेले होते. धावत पोहोचले तर ११ मुले दाराबाहेरच्या पायऱ्यांवर, वह्या मांडीवर घेऊन बसली होती आणि समन्वयक ताई त्यांना तिथेच पाढे विचारत होत्या. त्या मला काहीही बोलल्या नाहीत. वर्ग संपल्यावर त्यांनी नोंदवहीत एक ओळ लिहिली: "वर्ग ४० मिनिटे उशिरा सुरू. कारण: किल्ली आली नाही." माझे नाव त्या ओळीत नव्हते, आणि तेच मला अधिक लागले.

त्यानंतरच्या काही वर्षांत मी नेतृत्वविकासाची शिबिरे केली, व्याख्याने ऐकली, गटचर्चा केल्या. त्यांतले फारसे काही आठवत नाही. ती ओळ मात्र जशीच्या तशी आठवते. स्वयंसेवेतून तरुण माणूस घडतो असे आपण सहज म्हणतो, पण माझ्या अनुभवाप्रमाणे तो घडतो तो अशा जागी, जिथे आपण न गेल्याने कोणाचे तरी प्रत्यक्ष अडते. पुढचे टप्पे मी याच दृष्टीने मांडले आहेत. अशी एखादी जबाबदारी तुमच्याकडे लवकर यावी आणि ती पेलताना तुमचे किंवा इतरांचे नुकसान होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू आहे. संयुक्त राष्ट्रसंघ आपल्या आकडेवारीसाठी १५ ते २४ या वयाला तरुण म्हणतो आणि हा लेखही प्रामुख्याने त्याच वयाच्या वाचकांना समोर ठेवून लिहिलेला आहे.

१. संस्था शोधण्याआधी स्वतःचा आठवडा मोजा

वही घ्या आणि एक साधा आठवडा, म्हणजे परीक्षेचाही नव्हे आणि सुट्टीचाही नव्हे, तासातासाने लिहून काढा. झोप, अभ्यास किंवा नोकरी, प्रवास आणि घरची कामे वजा जाता जे तास उरतील, त्यांपैकी निम्मेच तास संस्थेला कबूल करा. आठवड्याला ६ तास उरत असतील तर ३ सांगा. उरलेले ३ तास आजारपण, अचानक आलेली कामे आणि आळस यांच्यासाठी राखून ठेवा. आळसालाही वेळापत्रकात जागा ठेवलेली बरी, कारण तो येणारच असतो.

"मी केव्हाही मोकळा आहे" असे सांगणाऱ्या स्वयंसेवकाचा अनुभवी समन्वयकाला आनंद होत नाही, उलट धसका बसतो. त्याला हवा असतो तो ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. ब्रिटनमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार योजनेत सेवेच्या विभागासाठी कांस्य स्तराला ३, रौप्य स्तराला ६ आणि सुवर्ण स्तराला १२ महिने ठरवलेले आहेत, पण अपेक्षा मात्र सरासरी आठवड्याला १ तासाचीच आहे. एका दिवसात १२ तास राबून हा विभाग पूर्ण होत नाही. तास थोडे आणि महिने पुष्कळ, हे त्यामागचे गणित तुम्हीही उचलायला हरकत नाही.

२. संस्था निवडताना चार प्रश्न विचारा

सामाजिक कामात हौशे, नवशे आणि गवशे तिन्ही प्रकारचे लोक येतात, आणि संस्थाही याच तीन प्रकारच्या असतात. काही हौसेपुरत्या चालतात, काहींना कोणाला तरी काहीतरी दाखवून द्यायचे असते, आणि काहींना फुकट राबणारी तरुण मुले हवी असतात. माहितीपत्रक वाचून यांतला फरक कळत नाही. तो कळण्यासाठी पहिल्या भेटीतच पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत.

पहिला प्रश्न: मी एखाद्या दिवशी आले नाही तर काय अडेल? "काही नाही, आम्ही चालवून घेऊ" असे उत्तर आले तर तिथे तुमची गरज गर्दीपुरतीच आहे, असे समजावे. दुसरा: याआधी हे काम कोण करत होते आणि त्यांनी ते का सोडले? तिसरा: इथले निर्णय कोण घेते आणि त्या बैठकीला नव्या स्वयंसेवकाला बसता येते का? चौथा: जमाखर्च स्वयंसेवकांना पाहायला मिळतो का? शेवटच्या प्रश्नावर समोरच्याचा चेहरा नीट पाहा. शब्दांपेक्षा तो अधिक सांगतो.

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व कळायला रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मांडलेली सहभागाची शिडी उपयोगी पडते. या शिडीला ८ पायऱ्या आहेत. त्यांपैकी खालच्या ३ पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत: मुलांचा वापर करून घेणे, मुलांना शोभेसाठी उभे करणे आणि त्यांना नावापुरते बोलावणे. सारखे टी-शर्ट घालून, दुसऱ्याने लिहून दिलेल्या घोषणा देत रस्त्याने चालणारी मुले यांपैकी कोणत्या पायरीवर आहेत, हे तुम्ही सहज ओळखाल. मात्र सर्वांत वरच्या पायरीवर काय आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. "सगळे काही मुलांच्याच हाती" ही स्थिती तिथे नाही. ती एक पायरी खाली, सातव्या क्रमांकावर आहे. सर्वांत वर हार्ट यांनी ठेवले आहे ते मुलांनी सुरू केलेले आणि मोठ्यांना बरोबर घेऊन निर्णय होणारे काम. त्यामुळे "आमच्याकडे सगळे तरुणच बघतात" असे अभिमानाने सांगणाऱ्या गटात एखादा अनुभवी, शांतपणे पाठीशी उभा राहणारा वडीलधारा माणूस आहे का, हेही पाहून घ्या. तो नसेल तर पहिल्या अडचणीत सगळा भार सर्वांत लहान आणि सर्वांत प्रामाणिक सभासदावर पडतो.

जवळपास संस्था सापडत नसेल, तर ५ डिसेंबरच्या आसपास शोध घ्यावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली ठराव करून हा दिवस आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून ठरवला आहे आणि अनेक संस्था त्या सुमारास नव्या लोकांसाठी परिचय बैठका घेतात. घराबाहेर पडणे शक्य नसलेल्या १८ वर्षांवरील वाचकांसाठी संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाची ऑनलाइन स्वयंसेवेची सोयही आहे. भाषांतर, आरेखन, माहितीची जुळवाजुळव अशी कामे तिथे मिळतात. पण पहिले काम शक्यतो समोरासमोरचे घ्यावे, असे मी सुचवीन. पडद्यामागून दिलेला शब्द मोडणे फारच सोपे असते.

३. कागदपत्रे आणि साहित्य आधीच जमवा

संस्थेनुसार थोडा फरक पडतो, पण पुढील गोष्टी एका फाइलमध्ये तयार ठेवल्या तर बहुतेक ठिकाणी काम भागते.

- ओळखपत्र, त्याच्या २ छायाप्रती आणि पासपोर्ट आकाराची ४ छायाचित्रे.
- वय १८ पेक्षा कमी असेल तर पालकांचे लेखी संमतीपत्र. त्यात कामाचे ठिकाण, स्वरूप, परतण्याची वेळ आणि संस्थेतील जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा.
- आपत्कालीन संपर्काचा कागद: दोन व्यक्तींचे क्रमांक, रक्तगट, ॲलर्जी, नियमित औषधे.
- लहान मुले, वृद्ध किंवा रुग्ण यांच्यासोबत काम करायचे असेल तर चारित्र्य पडताळणीचा दाखला, आणि रुग्णालयात काम असेल तर लसीकरणाची नोंद. पडताळणीला बरेचदा वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच करून ठेवावा.
- तुमच्या कामाचे एका पानाचे लेखी वर्णन. ते संस्थेने द्यायला हवे. दिले नाही तर तुम्ही लिहून त्यांच्याकडून मान्य करून घ्यावे.
- शिवलेली वही. सुटे कागद नकोत आणि केवळ फोनमधील नोंदीही नकोत.

या यादीत एक तोंडी चौकशीही जोडून घ्या. काम करताना इजा झाली तर उपचारांचा खर्च कोण करणार आणि प्रवासखर्च मिळणार का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. संकोच वाटतो, पण अपघात झाल्यावर विचारताना तो दुप्पट वाटतो. शिवाय प्रथमोपचाराचे प्राथमिक प्रशिक्षण मिळत असेल तर ते सोडू नका.

४. पहिले तीन महिने सतरंज्या उचला

सभेनंतर सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता हा आपल्या भाषेत थोडा उपहासाचा विषय आहे. मी मात्र त्याला सामाजिक कामाची पहिली इयत्ता मानते. सभा संपल्यावर मागे राहणाऱ्याला पुष्कळ काही दिसते: कोण न सांगता खुर्च्या लावू लागतो, कोण भाषण संपताच निघून जातो, कोणत्या दोघांमध्ये अबोला आहे, आणि पाहुण्यांसमोर "सर्व सुरळीत आहे" असे सांगणाऱ्या अध्यक्षांना वीजबिल भरायचे राहिले आहे हे कसे ठाऊकच नाही. ही माहिती कोणत्याही अहवालात येत नाही, आणि पुढे गट चालवताना नेमकी हीच लागते.

या काळात तीन गोष्टी मनापासून करा. ज्यांच्यासाठी काम आहे त्यांची नावे पाठ करा. हजेरीपटावरचे नाव वेगळे आणि मुलाला घरी हाक मारतात ते वेगळे असते. दोन्ही माहीत असलेल्या माणसाकडे मूल आपणहून येते. दुसरे, दर वेळी घरी गेल्यावर वहीत पाच ओळी लिहा: तारीख, किती वेळ काम केले, काय केले, काय बिघडले, पुढच्या वेळी काय न्यायचे. तिसरे, प्रश्न विचारा, पण "हे असे का करता?" यापेक्षा "हे असे करायचे कसे ठरले?" असे विचारा. पहिल्या प्रश्नाने समोरचा बचाव करू लागतो, दुसऱ्याने तो जुनी हकिगत सांगू लागतो.

इथला मोठा सापळा सुधारणेच्या घाईचा आहे. मी दुसऱ्याच आठवड्यात अभ्यासवर्गाचे नवे वेळापत्रक रंगीत खडूंनी आखून भिंतीवर लावले होते. त्यात गणित सर्वांत आधी ठेवले होते, कारण सकाळी मेंदू ताजा असतो असे मी कुठेतरी वाचले होते. मुलांपैकी निम्मी धाकट्या भावंडांना आंघोळ घालून, साडेनऊनंतर येत असत, आणि म्हणून जुन्या वेळापत्रकात पहिला अर्धा तास गोष्टींसाठी मोकळा ठेवलेला होता, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी कोणाला विचारलेही नव्हते. ताईंनी माझे वेळापत्रक काढले नाही. तीन रविवार गणित बुडालेली मुले पाहिल्यावर मीच ते उतरवले.

दुसरा सापळा नव्याच्या नऊ दिवसांचा आहे. सुरुवातीला प्रत्येक प्रसंग विलक्षण वाटतो. साधारण दुसऱ्या महिन्यात काम कंटाळवाणे होते आणि "इथे मला काही शिकायला मिळत नाही" असा विचार मनात येतो. हा विचार आला म्हणून लगेच संस्था बदलू नका. आरंभीचे कुतूहल ओसरल्यानंतरही ठरलेल्या वेळी जाणे हेच त्या महिन्यांत शिकायचे असते, आणि शिकत असताना ते शिकल्यासारखे वाटत नाही.

५. एक काम संपूर्णपणे आपल्या नावावर घ्या

तीन महिन्यांनंतर समन्वयकांकडे जाऊन एखादे लहान, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याच ताब्यात असलेले काम मागा. पुस्तकांची देवघेव, हजेरी, साहित्याची पेटी, पालकांना फोन करणे, यांपैकी काहीही चालेल. "मदत करीन" असे म्हणू नका. "हे मी बघीन" असे म्हणा. या दोन वाक्यांमध्ये फार अंतर आहे.

हे अंतर का पडते, याचा अभ्यास झालेला आहे. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना प्रश्नावली भरायला बसवून खोलीत भिंतीतून धूर सोडला. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन ते कळवले. मात्र शेजारी दोन निर्विकार माणसे मुद्दाम बसवलेली असताना केवळ १० टक्क्यांनी कळवले. इतरांना काहीच वाटत नाही असे दिसले की आपल्यालाही धोका जाणवत नाही. याच दोघांच्या त्या काळातील इतर प्रयोगांत जबाबदारी माणसांच्या संख्येने विभागली जाते, हेही दिसून आले. त्याआधी, १९१३ साली, मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने ओढण्याच्या कामांची मोजमापे प्रसिद्ध केली होती; ओढणारी माणसे वाढली की दरडोई जोर कमी होत जातो, असे त्यांत आढळले होते. आपल्याकडे यासाठी बारभाईंचा कारभार हा शब्द आहेच.

म्हणून कोणत्याही बैठकीत "आपण सगळे मिळून पाहू" हे वाक्य ऐकले की सावध व्हा आणि इतिवृत्तात तीन रकाने आखा: काम, एकच नाव, तारीख. नावाच्या रकान्यात दोन नावे आली तर त्यांपैकी एकावर खूण करून "मुख्य" असे लिहा. अशी खूण स्वतःच्या नावावर पहिल्यांदा पडते तेव्हा पोटात थोडा गोळा येतो. तो येऊ द्यावा.

चूक झाली तर ती त्याच दिवशी, कारणे न सांगता कळवा. "मी उशिरा उठले, ११ मुले बाहेर बसली, पुढच्या वेळेपासून आदल्या रात्री किल्ली शेजारच्या घरी ठेवीन" एवढे पुरते. घड्याळाचा गजर, पाऊस आणि बस यांची हकिगत ऐकण्यात कोणालाही रस नसतो.

६. गटाची सूत्रे हाती आली की

साधारण पहिल्या वर्षाच्या अखेरीस, तुम्ही नियमित असाल तर, कोणीतरी तुम्हाला सांगेल की पुढच्या उपक्रमाचे तू बघ. या क्षणापासून काम अवघड होते, कारण आतापर्यंत तुम्ही स्वतःला हलवत होता आणि आता बरोबरीच्यांना हलवायचे असते. समवयस्कांकडून काम करून घेणे हे मोठ्यांकडून किंवा लहानांकडून करून घेण्यापेक्षा कठीण आहे, असे मला अजूनही वाटते.

पहिली गोष्ट, गट लहान ठेवा. रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर जे प्रायोगिक शिबिर घेतले, आणि ज्यातून पुढे स्काउट चळवळ उभी राहिली, त्यात सुमारे २० मुले होती. वेगवेगळ्या सामाजिक थरांतली ही मुले ४ तुकड्यांत विभागलेली होती आणि प्रत्येक तुकडीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा होता. पाच-सहा जणांच्या गटात कोण आले नाही हे न मोजता कळते. पंचवीस जणांच्या गटात ते हजेरीवरूनच कळते, आणि तोपर्यंत न येणाऱ्यालाही आपण गेलो नाही तरी चालते हे कळलेले असते.

दुसरी गोष्ट, स्वयंसेवकाला पगार नसतो, त्यामुळे हुकूम चालत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार माणूस एखाद्या कामात मनापासून टिकतो तो तीन गरजा भागल्या तर: थोडे ठरवण्याचे स्वातंत्र्य, आपल्याला हे जमते आहे ही जाणीव आणि बरोबरच्या माणसांशी जुळलेले नाते. म्हणून काम वाटताना "काय" तुम्ही सांगा आणि "कसे" त्याच्यावर सोडा. काम झाल्यावर त्याचे काय झाले हे त्याला आवर्जून कळवा. भिंत रंगवून घरी गेलेल्या मुलाला त्या भिंतीपुढे आता काय चालते, हे बहुतेक वेळा कोणी सांगतच नाही.

बैठक ४५ मिनिटांपेक्षा लांबवू नका आणि विषय आधी कळवा. सुरुवातीलाच प्रत्येकाला एक-एक मिनिट बोलायला लावा. पहिल्या दहा मिनिटांत ज्याचा आवाज उमटत नाही तो पुढे सहसा बोलत नाही. तुमचे मत शेवटी सांगा. आधी सांगितले की इतरांची मते त्याच्या अवतीभवती गोळा होतात आणि तुम्हाला एकमत झाल्याचा भास होतो.

सर्वांत अवघड प्रसंग मित्राला जाब विचारण्याचा असतो. माझी एक जवळची मैत्रीण सलग तीन वेळा आली नाही आणि मी ते तिला सांगण्याऐवजी इतर चौघांना सांगितले. तिच्या कानावर ते पोहोचले आणि आमचे बोलणे पुढे कित्येक महिने बंद राहिले. नंतर शिकलेली पद्धत अशी: गटाच्या संदेशात काहीही लिहू नका, एकट्याने फोन करा, आरोप न करता नोंद सांगा. "तू बेजबाबदार आहेस" असे म्हणण्याऐवजी "मागच्या तीन रविवारी तुझ्या गटातली पाच मुले माझ्याकडे बसली, मला दोन्ही गट सांभाळता आले नाहीत, तुला हे काम सध्या झेपते आहे का?" असे विचारा. बरेचदा घरी काहीतरी चाललेले असते. कधी कधी त्या व्यक्तीला सोडायचेच असते आणि परवानगी हवी असते. ती द्या.

विचारांनी, धर्माने किंवा राजकारणाने वेगळ्या असलेल्या लोकांसोबत काम करण्याची वेळ आली तर आधी चर्चा ठेवू नका, आधी हाताला काम द्या. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने फ्रान्समधील व्हर्दून परिसरातल्या उद्ध्वस्त गावात, कालपर्यंत शत्रू असलेल्या देशांचे स्वयंसेवक पुनर्बांधणीसाठी एकत्र आणले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था त्यातूनच पुढे आली. खोरे-फावडे हातात असलेल्या माणसाशी भांडण करता येते, पण ते फार लांबत नाही.

७. पैसा, छायाचित्रे आणि मुलांची सुरक्षितता

या तीन बाबतींत सद्‌हेतू पुरत नाही, नियमच लागतात.

वर्गणी किंवा देणगी गोळा करताना रोख रक्कम नेहमी दोघांनी मोजावी, त्याच ठिकाणी पावती द्यावी आणि त्याच दिवशी जमा करावी. स्वतःच्या खात्यात "तात्पुरते" पैसे घेण्याची विनंती कोणीही केली, अगदी अध्यक्षांनीही, तरी नकार द्यावा. खर्चाची पावती मिळत नसेल तर कागदावर रक्कम, कारण, तारीख लिहून दुसऱ्याची सही घ्यावी.

छायाचित्र काढण्याआधी स्वतःला विचारा की याच अवस्थेतील आपले छायाचित्र चारचौघांत फिरलेले आपल्याला चालेल का. मदत स्वीकारणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवल्याशिवाय मदत झाल्याचे सिद्ध होत नाही, असा एक समज पसरला आहे. तो मोडायला तुमच्यापासून सुरुवात होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी परवानगी हवी आणि मुलाचा होकारही हवा. १९८९ च्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमानुसार स्वतःशी संबंधित बाबतींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व परिपक्वतेनुसार वजन मिळण्याचा हक्क मुलाला आहे. "मला फोटो नको" हे मतच आहे.

मुलासोबत बंद दाराआड एकटे राहू नका, त्याच्याशी वैयक्तिक गुप्त संदेशांची देवाणघेवाण करू नका, आणि त्याने काही गंभीर सांगायला सुरुवात केली तर "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. त्याऐवजी "तुला सुरक्षित ठेवण्यासाठी ज्यांना सांगावे लागेल त्यांनाच सांगेन" असे म्हणा आणि त्याच दिवशी संस्थेतील जबाबदार व्यक्तीला कळवा. संकटातील माणसाला आधार देण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत पाहा, ऐका आणि जोडून द्या अशी तीन पावले सांगितली आहेत. तिसरे पाऊल तरुण स्वयंसेवक हमखास विसरतात. ऐकून घेतल्यावर आपणच सर्व सोडवायचे, असे त्यांना वाटते, आणि मग दोघेही बुडतात.

अनाथाश्रमासारख्या ठिकाणी दोन-चार दिवस जाऊन मुलांना लळा लावून येण्याचे उपक्रम शक्यतो टाळावेत. तुम्हाला तो हृद्य अनुभव असतो. त्या मुलासाठी तो आणखी एक निघून गेलेला माणूस असतो.

८. प्रमाणपत्राला त्याच्या जागी ठेवा

प्रमाणपत्र घ्यावे, त्यात गैर काही नाही, आणि शिक्षणसंस्था किंवा नोकरी देणारे ते मागतातही. धोका वेगळा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांच्या एका गटाला, चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत असलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ते दिले. दुसऱ्या गटाला काही न सांगता अनपेक्षितपणे दिले. तिसऱ्याला दिलेच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिले तेव्हा, बक्षीस ठरवून चित्रे काढलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. अनपेक्षित प्रशस्तिपत्राने मात्र आवड घटली नव्हती. तासांची बेरीज डोळ्यांसमोर ठेवून काम करणारा स्वयंसेवक ठरलेली संख्या भरताच का दिसेनासा होतो, याचे उत्तर इथे असावे, असे मला वाटते.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रापेक्षा चौथ्या टप्प्यात सांगितलेली वही अधिक कामी येते. "संघभावना शिकलो" असे सांगणारे दहा उमेदवार असतात. "हजेरी सलग घटत होती, घरी फोन केल्यावर कळले की वर्गाची वेळ आणि पाणी येण्याची वेळ एकच आहे, म्हणून वर्ग तासभर पुढे नेला" असे सांगणारा एखादाच असतो.

९. थांबायचे कधी आणि काम सोपवायचे कसे

रेडक्रॉस चळवळीच्या १९६५ साली व्हिएन्नात स्वीकारलेल्या सात मूलतत्त्वांपैकी स्वयंसेवा हे एक आहे, आणि कोणत्याही लाभाच्या इच्छेने ती प्रेरित नसावी असे त्यात म्हटले आहे. याचा अर्थ स्वतःची झोप, अभ्यास आणि घर यांची वाट लावावी, असा नाही. घरचे लोक "लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस" असे म्हणू लागले की त्यातला टोमणा बाजूला ठेवून आपली वही एकदा उघडा. कबूल केलेल्या तासांच्या दुप्पट तास सलग महिनाभर जात असतील, कामाला जायच्या आदल्या रात्री चिडचिड होत असेल, किंवा मुलांची नावे चुकू लागली असतील, तर समन्वयकांशी बोलून काम कमी करा. कमी करता येत नसेल तर सोडा, पण गायब होऊ नका. न सांगता नाहीसा झालेला स्वयंसेवक मागे राहिलेल्यांना वर्षभर पुरेल इतका कडवटपणा देऊन जातो.

सोडण्यासाठी किमान सहा आठवड्यांचा अवधी धरा. पहिल्या दोन आठवड्यांत उत्तराधिकारी शोधा, पुढच्या दोनांत त्याने बघायचे आणि तुम्ही करायचे, शेवटच्या दोनांत त्याने करायचे आणि तुम्ही मागे बसायचे. मागे बसणे फार जड जाते. माझ्यानंतर आलेल्या मुलाने हजेरी मुलांनाच घ्यायला लावली, तेव्हा मला दोनदा उठून उभे राहावेसे वाटले होते. तिसऱ्या रविवारी लक्षात आले की मुले आता वेळेआधी येतात, कारण हजेरी घेण्याची पाळी कोणालाच चुकवायची नसते.

सोपवण्याच्या वहीत पुढील गोष्टी स्वच्छ अक्षरात लिहा: प्रत्येक मुलाविषयी दोन ओळी, नेहमी अडणाऱ्या गोष्टी, न सुटलेली भांडणे, उसने घेतलेले साहित्य आणि ते कोणाचे आहे, तसेच फोन कोणत्या वेळी लागतो आणि कोणत्या वेळी लागत नाही यांसकट सर्व क्रमांक. जमाखर्चाच्या शेवटच्या पानावर दोघांच्या सह्या घ्या. आणि अगदी पहिल्या पानावर, इतर सर्व मजकुराच्या वर, किल्लीची दुसरी प्रत कोणाच्या घरी ठेवली आहे ते लिहा.